घरातल्या वस्तूंवर हात बसवणे : ताशा, ड्रम, ढोल आणि सुरुवातीचा रियाज

तर्रीबाज

जून लागला की पथकात नवीन मुलंमुली यायला लागतात आणि पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो, "दादा, घरी ताशा नाहीये, सराव कशावर करू?" ड्रम शिकणाऱ्यांचंही तेच. ड्रमचा संच महाग, तो ठेवायला जागा नाही, आणि ठेवला तरी वाजवू कोण देणार? म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. दोन काठ्यांनी वाजणाऱ्या वाद्यांबद्दलच लिहितोय. तबला-पखवाजाबद्दल जाणकारांनी भर घालावी.

माझं म्हणणं थोडक्यात असं. घरातली कुठलीच वस्तू वाद्याची जागा घेत नाही, पण काही गोष्टी त्या वाद्यापेक्षा चांगल्या शिकवतात. उशी मनगट घडवते, रबर उसळी शिकवतं, पत्रा कान तयार करतो. आज काय शिकायचंय ते आधी ठरवायचं आणि मग वस्तू उचलायची. बहुतेक जण उलटं करतात. हाताला लागेल ते बडवत बसतात आणि महिन्याभराने म्हणतात, हात वळत नाही.

आधी काठ्या. स्वयंपाकघरातला कालथा नको, त्याचं सगळं वजन टोकाला असतं. लाटणं जड पडतं आणि मनगटाऐवजी खांदा कामाला लागतो. जमलं तर ड्रमच्या स्टिकांची एक जोडी घ्याच. ५ए हा आकार नवशिक्याला बरा, लांबी साधारण १६ इंच, जाडी १४ मिलिमीटरच्या आसपास. नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातून त्याच जाडीची गोल लाकडी दांडी आणून दोन सारखे तुकडे करा, टोकं पॉलिश पेपरने घासून गोल करा. काठी ओट्यावर घरंगळवून बघा, डुगडुगली तर वाकडी आहे. मग दोन्ही काठ्या एकाच जागी आपटून ऐका. आवाज अगदीच वेगळा आला तर जोडी जमलेली नाही, दोन्ही हातांना वेगवेगळं वजन मिळणार. ताशाच्या काड्या याहून बारीक आणि लवचिक असतात. ताशाच शिकायचा असेल तर काड्या पथकाकडून मागून घ्या, वस्तू घरातल्या चालतील.

पकड. काठीच्या मागच्या टोकापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर अंगठा आणि तर्जनी. उरलेली तीन बोटं काठीला नुसती टेकलेली, मूठ आवळायची नाही. तळवा जमिनीकडे. नेमकी जागा प्रत्येकाची थोडी वेगळी असते आणि ती शोधायची पद्धत सोपी आहे. एखाद्या जाड रबरावर काठी सैल धरून एकदाच पडू द्या आणि ती आपणहून किती वेळा उसळते ते मोजा. बोटं अर्धा इंच पुढे घ्या, पुन्हा पाडा. अर्धा इंच मागे घ्या, पुन्हा पाडा. फार पुढे धरली तर दोन-तीन टिपक्यांत मरते, फार मागे धरली तर टोक जड होऊन लोळते. मध्ये एक जागा सापडते जिथे काठी टप-टप-टप-टप-टरर्र अशी लांबवर उसळत जाते. तिथे पेन्सिलने खूण करा आणि पहिले काही आठवडे बोटं त्या खुणेवरून हलू देऊ नका.

आता वस्तू.

उशी किंवा गादी. इथे काठी उसळतच नाही. प्रत्येक टोला मनगटाने उचलून आणावा लागतो, त्यामुळे ताकद येते. एकेरी टोलेच वाजवा (उजवा-डावा-उजवा-डावा), दुहेरी नको. उशीवर दुहेरी टोले काढायला गेलात की हात आपोआप आवळतो आणि ती सवय पुढे जाता जात नाही.

रबर. माउसपॅड प्लायच्या तुकड्यावर चिकटवा, किंवा सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून पाटावर ताणून मागे खिळे मारा. आमच्याकडे नवीन मुलं जुन्या टायरवरच सुरू करतात. ताशाचं पान (वाजवायचा पडदा) खूप ताणलेलं असतं, काडी अंगावर येते, आणि टायरच्या बाजूवर साधारण तसंच होतं. उसळी कशी 'पकडायची' ते इथे कळतं. पहिला टोला मनगटाचा, दुसरा उसळीतून येतो आणि बोटं त्याला नुसती वाट देतात. पुढची तर्री (टोल्यांची सलग, वेगवान झड) याच दोन टोल्यांतून तयार होते.

पत्रा. तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा उपडा करा. झाकण कापलेलं असेल तर कडा आत वळवून चिकटपट्टी लावा, हात कापतो. पत्रा काहीही झाकत नाही. डावा हात हलका पडला, टोला अर्धा इंच बाजूला गेला, दोन टोल्यांतलं अंतर कमीजास्त झालं, लगेच ऐकू येतं. म्हणून पत्र्यावर थोडंच वाजवायचं आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायचं.

लयीसाठी भिंतीवरचं घड्याळ पुरतं. टिक वाजणारं साधं घड्याळ मिनिटाला ६० ठोके देतं, याहून स्वस्त मेट्रोनोम नाही. (नव्या घड्याळांचा सेकंदकाटा आवाज न करता सरकत जातो, ती उपयोगाची नाहीत.) एका टिकला एक टोला, मग दोन, मग तीन, मग चार. तिनावरून चारावर आणि परत तिनावर येताना टिक चुकली नाही पाहिजे. नवशिक्याने महिनाभर एवढंच केलं तरी मी खूश असतो.

दुहेरी टोले बसले की हा पलटा घ्या: उ डा उ उ, डा उ डा डा. जगभरचे ड्रमर याला पॅराडिडल म्हणतात. यात प्रत्येक चौकडीला सुरुवातीचा हात बदलतो, त्यामुळे डाव्याला लपायला जागा राहत नाही. बाकीचं चर्चेत बोलू.

सोनचाफा

खूप दिवसांनी इतका कामाचा धागा आला. माझा मुलगा चौथीत आहे, शाळेतून तक्रार येते की कंपासपेटीवर आणि बाकावर सतत वाजवत असतो. क्लास लावायच्या आधी घरी वर्षभर असं चालेल का? आणि त्याच्या वयाला ५ए जड होईल का?

तर्रीबाज

सोनचाफा ताई, चालेल, पण वर्षभर एकट्याने नको. सुरुवातीलाच कोणाकडून तरी पकड एकदा बघून घ्या, ती चुकीची बसली की सोडवायला फार वेळ जातो. मुलांसाठी ७ए घ्या, बारीक आणि हलकी असते. बाक वाजवतोय म्हणजे बोटांत लय आहे, त्याला रागावू नका. उपडी बादली द्या. मधोमध वाजवली की घुमते, कडेला टणक वाजते. दोन आवाज मिळाले की मुलं आपणहून ठेका रचतात. स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर किल्ल्यांचा जुडगा ठेवला तर टोल्यागणिक खरखर येते, ड्रमच्या संचातल्या स्नेअर ड्रमला खाली लावलेल्या तारांसारखी. मुलांना हे फार आवडतं.

डग्गा

धागा चांगला आहे. मी तबला शिकवतो, म्हणून त्या बाजूने स्पष्ट लिहितो. तबल्याचा निकास (बोल हातातून काढायची पद्धत) टेबलावर बसत नाही आणि कोणी बसवू नये.

कारण सांगतो. 'ना' वाजवताना तर्जनी चाटीवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) पडते, पण त्याच वेळी अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला अलगद टेकलेली असते. त्या टेकण्यामुळेच 'ना' स्वच्छ वाजतो. टेबलाला चाट नाही आणि शाईही नाही. अनामिका टेकली काय आणि हवेत राहिली काय, आवाज तोच. माझ्याकडे टेबलावर 'शिकून' आलेली मुलं येतात, त्यांची बोटं चपळ असतात आणि अनामिका हवेत. डग्ग्याचं (जोडीतल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्याचं) तर विचारूच नका. मनगटाने घासून जी मींड (सरकत जाणारा नाद) काढायची, ती कुठल्या लाकडावर काढणार? शिवाय कडक लाकडावर तासन् तास बोटं आपटली की पेरं दुखतात ते वेगळंच.

तबला नसताना करायची गोष्ट म्हणजे पढंत. तोंडाने बोल म्हणायचे आणि हाताने टाळी-खाली द्यायची (खाली म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला नेणं). त्रितालाच्या १६ मात्रा, टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्यावर. हे हात न चुकवता एकपट, दुप्पट, चौपट म्हणता येऊ दे. केरवा घ्या, धा गे ना ति न क धि न, आठ मात्रा. जे तोंडात बसलं नाही ते हातात येत नाही, हे सगळे गुरुजी सांगतात आणि ते शब्दशः खरं आहे. पढंतीला वस्तू लागत नाही, लोकलमध्येही करता येते.

तर्रीबाज

डग्गा सर, पूर्ण सहमत. म्हणूनच तबला बाहेर ठेवला होता. काठीच्या वाद्यात वाजवणाऱ्याचं बोट कातड्याला लागत नाही, काठीच लागते, म्हणून बदली वस्तू चालते. हाताच्या वाद्यात बोटाखाली काय आहे यावरच नाद ठरतो. हा फरक मी मूळ लेखात लिहायला हवा, भर घालतो.

पढंत ताशालाही तितकीच लागू आहे. आमच्याकडे हात, म्हणजे वाजवायचे ठरलेले ठेके, आधी तोंडाने म्हणून घेतात. ज्याला तोंडाने म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात ताशा अडकवत नाहीत.

नदीपात्र

ढोलवाल्यांनाही विसरू नका! ढोलात दोन हातांची कामं वेगळी. एका हातात टिपरू (ढोलाची काठी), दुसऱ्या हाताची थाप. म्हणून दोन काठ्यांचा सराव अर्धाच उपयोगी पडतो.

मी घरी असं केलं. पाण्याचा २० लिटरचा रिकामा जार आडवा धरून जुन्या ओढणीने कमरेला बांधला. बुडाच्या बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला थाप. उभं राहूनच वाजवायचं. बसून केलेला सराव मिरवणुकीत कामाला येत नाही, कारण चालताना, थांबताना, ध्वज पुढे गेला की सरकताना ठेका सुटता कामा नये. जारवर वाजवत घरातल्या घरात पावलं टाकायची, पाऊल सम (ठेक्याची पहिली मात्रा) सोडून भलतीकडे पडलं की लगेच कळतं. ढोलाचं वजन मात्र जार देत नाही. कंबर आणि पाठ वेगळी तयार करावी लागते, सूर्यनमस्कार घाला.

थापेसाठी एक सांगतो. पंजा सपाट आणि सैल, बोटं जुळलेली, आणि लागल्याबरोबर हात परत. हात पानावर राहिला की नाद दबतो. जारवर हा फरक चक्क ऐकू येतो.

चौथा_मजला

आवाजाचं काय करायचं याबद्दल थोडं लिहितो, बांधकाम क्षेत्रात आहे. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना त्रास दोन वाटांनी होतो. एक हवेतून जाणारा आवाज, तो दार-खिडक्या लावल्या की बराच कमी होतो. दुसरा धक्क्याचा, तो स्लॅबमधून खाली जातो आणि दारं लावून काही फरक पडत नाही. उपडी बादली थेट फरशीवर ठेवून वाजवली तर खालच्या घरात धप धप ऐकू येणारच.

उपाय म्हणजे वाजवायची वस्तू फरशीपासून तोडायची. घडी घातलेली सतरंजी किंवा योगा मॅट थोडं काम करते. पायाचा पेडल वाजवणाऱ्यांसाठी त्याहून चांगला प्रकार आहे. टेनिस बॉल अर्धे कापून प्लायच्या एका तुकड्याखाली ठेवायचे, वर दुसरा प्लाय आणि त्यावर सगळा पसारा. इलेक्ट्रॉनिक ड्रम घरी वाजवणारे जगभर हेच करतात.

कायद्याची मर्यादाही लक्षात असू द्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरलेली आहे. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पत्र्याचा डबा याच्या कितीतरी वर जातो. त्यामुळे डबा दिवसा, उशी रात्री. आणि सुरू करायच्या आधी खालच्या घरी जाऊन वेळ ठरवून या. माझ्या अनुभवात लोक ठरलेल्या अर्ध्या तासाला हरकत घेत नाहीत, कधीही अचानक सुरू होणाऱ्या आवाजाला घेतात.

मांडवीकाठ

गोव्याची बाजू मांडतो. आमचं घुमट मुळात मातीचं भांडंच. एक तोंड मोठं, त्यावर कातडं; दुसरं छोटं, उघडं. उजव्या हाताने कातडं वाजतं आणि डावा तळवा छोट्या तोंडावर उघड-झाप करतो, त्यातून तो घुमारा येतो. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. चवथीला (गणेश चतुर्थीला) घुमट आरतीत शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आणि कासाळ्यांबरोबर (मोठ्या झांजांबरोबर) ते ऐकलं नसेल तर एकदा याच.

डाव्या हाताचा सराव घरच्या माठावर होतो. रिकामा माठ मांडीवर आडवा घ्या आणि तोंडावर तळवा पूर्ण बसेल असा, पण हलका, मारून लगेच उचला. आतली हवा 'बुम्' करते. तळवा किती उघडा ठेवता त्यावर आवाज वरखाली होतो. जोर लावला तर माठ फुटेल, नाद मात्र वाढणार नाही, कारण तो हवेचा आहे. मी लहान मुलांना हेच आधी देतो, त्यांना हलका हात आपोआप समजतो.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत आमचं पथक आहे, थंडीत बाहेर सराव अशक्य, मग गॅरेजमध्ये रंगाच्या ५ गॅलनच्या बादल्या. म्हणजे साधारण १९ लिटर, तिकडच्या रंगाच्या मोठ्या बादलीएवढीच. अमेरिकेत बऱ्याच शाळांत बादल्यांवरच ताल शिकवतात.

धागा वाचताना कॅरिबियनमधलं त्रिनिदाद आठवलं. १८८० च्या दशकात ब्रिटिशांनी तिथे कातड्याच्या ढोलांवर बंदी आणली. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला, पुढे बिस्किटांचे डबे आले, मग तेलाची पिंपं. ठोकून ठोकून पत्र्याला सूर मिळतात हे लोकांच्या लक्षात आलं आणि १९३०-४० च्या दशकांत त्यातून स्टीलपॅन उभं राहिलं. आज ते त्या देशाचं मानाचं वाद्य आहे. पेरू देशातला काहोन (खोक्याच्या आकाराचं तालवाद्य) हाही तसाच, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी मालाच्या खोक्यांवर वाजवायला सुरुवात केली. म्हणून मला 'घरातल्या वस्तू फक्त सरावापुरत्या' हे पटत नाही. कधीकधी त्याच वस्तूचं वाद्य होतं.

तर्रीबाज

जर्सीकर, मुद्दा मान्य. पण त्या लोकांनी पिंप वर्षानुवर्षं ठोकून, सूर लावून पिंप राहूच दिलं नाही. माझा आग्रह नवशिक्यापुरता आहे. त्याला आधी दोन हात सारखे पडायला हवेत.

सांधेजोड

फिजिओथेरपिस्ट आहे, दोन गोष्टी सांगते. पहिली, थकवा आणि दुखणं वेगळं. पुढच्या हाताचे स्नायू भरून येणं ठीक आहे. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी टोचतंय, मुंग्या येतायत, सकाळी उठल्यावर बोटं आखडतायत, तर थांबा आणि दाखवून घ्या. 'वाजवून वाजवून जाईल' असं होत नाही. उशीवरचा सराव थोडा थोडाच करा, तिथे उसळीची मदत नसते, सगळा भार स्नायूंवर येतो.

दुसरी, कान. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. बंद खोलीत पत्रा वाजवताना साधे फोमचे इअरप्लग घाला. पथकातही घाला. ताशाच्या अगदी शेजारी उभे राहणारे कोणी घालत नाहीत, हे बघून खरंच जीव कळवळतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

नदीपात्र

सांधेजोड ताई, आमच्या पथकाच्या ग्रुपवर हे जसंच्या तसं टाकतो, चालेल ना?

सांधेजोड

जरूर टाका.

सोनचाफा

अपडेट. बादली आणली, सतरंजीवर ठेवली, खालच्या काकूंशी बोलून संध्याकाळची वेळ ठरवली. घड्याळाच्या टिकवर एक आणि दोन टोले आता बरे पडतात. पण तीनला गेला की गडबडतो, आणि डावा हात फार मऊ पडतो. काय करावं?

तर्रीबाज

ताई, तीनला गडबडतो कारण तीनमध्ये टिकवर येणारा हात दर वेळी बदलतो: उ डा उ, डा उ डा. दोन आणि चारमध्ये टिकवर कायम उजवाच असतो, म्हणून ते सोपे वाटतात. त्याला काठ्या ठेवून आधी तोंडाने 'तकिट तकिट' म्हणू दे, 'त' बरोबर टिकवर, आणि मांडीवर नुसता 'त' वाजवू दे, एकदा उजव्याने, एकदा डाव्याने. ते जमलं की मधले 'किट' हातात द्या.

डाव्यासाठी बादलीशेजारी वीतभर उंचीची पुस्तकांची चळत ठेवा. दोन्ही काठ्यांची टोकं प्रत्येक टोल्याआधी त्या उंचीला आली पाहिजेत, वरही नाही आणि खालीही नाही. डावा मऊ पडतो याचं कारण बहुतेक वेळा जोर कमी हे नसतं, काठी कमी उचलली जाते हे असतं. समोर आरसा ठेवला तर त्याचं त्यालाच दिसेल. आणि जेवणाआधीची पाच मिनिटं उशीवर फक्त डावा हात, घड्याळाच्या टिकला एक टोला. महिन्याभराने बादलीवर रेकॉर्ड करून इथे टाका, ऐकून सांगतो.